नवे शास्त्र अवतरू शकते काय? : जैन प्रमाणविचार आणि सलाबाईची आज्ञा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



पाठशाळेतील एखादा चुणचुणीत विद्यार्थी कधी कधी विचारतो की, शास्त्रे सारी जुन्या काळीच का झाली? आजच्या काळात एखादे नवे शास्त्र का अवतरत नाही? शिकविणारे बहुधा हसून विषय बदलतात. परंतु प्रश्न लहान मुलाने विचारला म्हणून तो लहान ठरत नाही. पूर्वी ज्याने वाणी प्रकट केली तो आज मौन का आहे? उद्या कोणी उठून ‘मला दैवी वाणी ऐकू आली, ती लिहून घ्या’ असे म्हणू लागला, तर त्याची पारख कोणत्या मापाने करावयाची? हे प्रश्न प्रत्येक धर्मापुढे कधी ना कधी उभे राहिलेले आहेत.

काही धर्मांनी दार बंद केले. महंमद पैगंबरांनंतर नवी प्रकटवाणी संभवत नाही, ही इस्लामची धारणा आहे. शीख परंपरेत १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी ग्रंथालाच गुरुपद दिले आणि देहधारी गुरूंची मालिका तेथे संपली. काहींनी दार उघडे ठेवले. अमेरिकेत १८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी ‘बुक ऑफ मॉर्मन’ प्रसिद्ध करून, देवदूताने दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरून तो ग्रंथ आपण उतरविला, असे जाहीर केले. इराणातून हद्दपार झालेल्या बहाउल्ला यांनी १८७३ च्या सुमारास अक्का येथे ‘किताब-ए-अकदस’ सिद्ध केला आणि त्यांचे अनुयायी तो ईश्वरी ग्रंथ मानतात. महाराष्ट्रालाही हा विषय अपरिचित नाही. स्वप्नात नामदेवराय पांडुरंगासह आले आणि त्यांनी कवित्व करण्यास सांगितले, ही साक्ष खुद्द तुकोबांचीच आहे. म्हणजे सतराव्या शतकातील देहूचा एक वाणी दैवी प्रेरणेने बोलला आणि मराठी जनतेने ते मान्य केले.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. वाणीचे मोठेपण ती देणाऱ्याच्या मोठेपणावर ठरते. देवाने सांगितले, म्हणून ते प्रमाण. जैन विचाराने मात्र नेमका येथेच थांबून वेगळा प्रश्न विचारला.

जैन दर्शनात जगत्कर्ता ईश्वर नाही, हे सर्वश्रुत आहे. देव मात्र आहेत, आणि ते अनेक आहेत. त्यांचे आयुष्य दीर्घ, ऐश्वर्य अमाप, आणि त्यांना अवधिज्ञानही असते. परंतु हे देव संसारी जीवच होत. पुण्य संपले की त्यांनाही खाली यावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, देवगतीत व्रत घेता येत नाही. देव सम्यग्दृष्टी असू शकतो, पण त्याची मजल चौथ्या गुणस्थानापर्यंतच. पाचव्या गुणस्थानी तिर्यंच पोहोचू शकतो. भगवान महावीरांच्या पूर्वभवातील सिंहाची कथा प्रसिद्धच आहे. संयमाचे सहावे गुणस्थान केवळ मनुष्यासाठी आहे. तात्पर्य, रात्री न जेवण्याचा नियम पाळणारा डहाणू रोडवरील एखादा साधा दुकानदार जे करू शकतो ते प्रत्यक्ष इंद्रास शक्य नाही. अशा दर्शनात ‘हे वचन दैवी आहे’ एवढे म्हटल्याने वचनाची किंमत वाढत नाही. ऐकणारा फार तर विचारील की, बरे, पण ते खरे आहे काय?

आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’च्या आरंभीच हा मुद्दा साक्षात जिनेंद्रांसमोर मांडला. देवांचे आगमन, आकाशातून विहार, चामरांचे ढाळणे या गोष्टी मायावी लोकांच्या ठायीही दिसतात, तेव्हा तेवढ्यासाठी आम्ही आपणास थोर मानीत नाही, असा त्यांचा आशय. भक्ताने आपल्या आराध्याला इतक्या स्पष्टपणे विचारावे, हे धर्मवाङ्मयात विरळाच आढळते. त्यांच्याच ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त शास्त्राची लक्षणे दिलेली आहेत. ते आप्ताने, म्हणजे रागद्वेषरहित सर्वज्ञाने सांगितलेले असावे. युक्तीने खंडित होणारे नसावे. प्रत्यक्षाशी व अनुमानाशी विरोध करणारे नसावे. तत्त्व सांगणारे, सर्वांच्या हिताचे आणि कुमार्गाचे निवारण करणारे असावे. या यादीत चमत्कार नाही. ‘सर्वांच्या हिताचे’ हे लक्षण मात्र ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आगमाच्या इतिहासातील एक प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे. वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेत तो आला आहे. गिरनारच्या चंद्रगुंफेत राहणाऱ्या वृद्ध धरसेनाचार्यांना चिंता पडली की, आपल्याबरोबर श्रुताचा उरलेला अंशही नष्ट होईल. त्यांनी दक्षिणापथातील मुनिसंघाला निरोप पाठविला. दोन मुनी आले. आचार्यांनी त्यांना लगेच शिकविले नाही. प्रत्येकास एक मंत्र दिला आणि दोन दिवसांचा उपवास करून तो सिद्ध करण्यास सांगितले. एका मंत्रात एक अक्षर अधिक होते, दुसऱ्यात एक कमी. मंत्र सिद्ध झाले, देवता प्रकटही झाल्या. पण एकीचे दात बाहेर आलेले, तर दुसरी एकाक्ष. देवता समोर उभी असताना सामान्य साधकाने साष्टांग नमस्कार घातला असता. या दोघांनी विचार केला की, देवता विकृतांग नसतात, तेव्हा चूक मंत्रातच असली पाहिजे. त्यांनी मंत्रव्याकरणाच्या आधारे अक्षरे शुद्ध केली, पुन्हा जप केला, आणि देवता आपल्या स्वाभाविक रूपात दिसल्या. तेव्हा आचार्यांनी त्यांना सिद्धान्त शिकविला. हेच पुष्पदंत आणि भूतबली. त्यांनी रचलेला ग्रंथ ‘षट्खंडागम’. देवदर्शनाने येथे मंत्राची शुद्धी ठरली नाही. मंत्राची शुद्धी तपासून मग दर्शनाची योग्यता ठरविली गेली.

दुसरा प्रसंग साक्षात भगवान महावीरांच्या केवलज्ञानानंतरचा. दिगंबर परंपरा सांगते की, केवलज्ञान झाल्यावर सहासष्ट दिवस दिव्यध्वनी प्रकटलाच नाही, कारण तो झेलणारा गणधर उपस्थित नव्हता. इंद्रभूती गौतम आले, आणि राजगृहीच्या विपुलाचलावर श्रावण वद्य प्रतिपदेला वाणी प्रकटली. श्वेतांबर परंपरा वेगळे सांगते, पण त्यातील मर्म तेच. तिच्यानुसार पहिली देशना झाली, परंतु ती निष्फळ ठरली, कारण ऐकावयास केवळ देव होते, आणि देवांना व्रत घेता येत नाही. दोन्ही परंपरांचा या ठिकाणचा मतभेद विद्वानांनी खुशाल तपासावा. सर्वज्ञ बोलणारा असला तरी व्रत घेऊ शकणारा माणूस समोर असल्यावाचून शास्त्राचा जन्म होत नाही, याविषयी मात्र दोघांचे एकमत आहे.

मग आजच्या काळात नवे शास्त्र? परंपरेचे औपचारिक उत्तर नकारार्थी आहे. जंबूस्वामींनंतर या भरतक्षेत्रात केवलज्ञान नाही. आप्त नाही, म्हणून नवे आगमही नाही. श्वेतांबर संघाने वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली पाचव्या शतकात आगम लिपिबद्ध केले, तेही ‘नवे’ म्हणून नव्हे, तर हरवू नये म्हणून. आधुनिक काळातील तीन उदाहरणे पाहिली की ही वृत्ती किती खोल रुजलेली आहे ते कळते. ‘षट्खंडागमा’च्या ताडपत्री प्रती शतकानुशतके मूडबिद्रीला बंदिस्त होत्या. डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावतीहून १९३९ मध्ये धवलेसह त्याचा पहिला खंड छापून प्रसिद्ध केला, तेव्हा बहुसंख्य श्रावकांच्या दृष्टीने तो नव्याने अवतरलेलाच ग्रंथ होता. पण कोणी त्यास साक्षात्कार म्हटले नाही. पाठभेद तपासले गेले, शंका घेतल्या गेल्या, पत्रव्यवहार झाले. जे काम पुष्पदंत-भूतबलींनी एका अक्षरासाठी केले, तेच काम पुढे संपादकांनी सोळा खंडांसाठी केले.

श्रीमद् राजचंद्रांची गोष्ट याहून नाजूक आहे. मुंबईत जवाहिऱ्याचा व्यापार करणाऱ्या या गृहस्थाने १८९६ च्या शरदात नडियाद येथे एका बैठकीत १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धि’ गुजरातीत लिहिले. शेजारी एक मुमुक्षू कंदील धरून उभे होते, असे सांगतात. अशा वेळी ‘देव माझ्या तोंडून बोलला’ असे म्हणणे सोपे होते, आणि तसे म्हटले असते तर मानणारेही मिळाले असते. ग्रंथात तसे काही नाही. गुरुशिष्यांचा संवाद आहे, शिष्याच्या शंका आहेत, आणि आत्मा आहे, नित्य आहे, कर्ता आहे, भोक्ता आहे, मोक्ष आहे, मोक्षाचा उपाय आहे, या सहा पदांची युक्तीने सिद्धी आहे. अनुयायी त्याला आदराने शास्त्र म्हणतात. ग्रंथ स्वतः मात्र वाचकाकडे विचार मागतो. तिसरे उदाहरण ‘समणसुत्तं’चे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षात, विनोबाजींच्या आग्रहावरून, जिनेंद्र वर्णींनी ७५६ गाथांचे संकलन केले आणि १९७४ च्या अखेरीस दिल्लीत चारही आम्नायांच्या मुनींनी व विद्वानांनी एकत्र बसून ते संमत केले. ग्रंथ नवा, गाथा मात्र साऱ्या जुन्या. विनोबांसारख्या ‘गीताई’कारास नवे काही लिहिता आले नसते असे नाही, त्यांनी ते मागितले नाही, हेच लक्षणीय.

येथपर्यंतचा विचार ग्रंथांचा झाला. परंतु प्रस्तुत विषयाचे खरे उदाहरण ग्रंथालयात सापडत नाही. ते याच परिसराच्या मातीत आहे, आणि त्याचा उल्लेख अशा व्याख्यानांत सहसा होत नाही.

डहाणू आणि तलासरी हे आज पालघर जिल्ह्यातील तालुके आहेत. १९२२ साली पालघर जिल्हा नव्हता; सारे ठाणे जिल्ह्यातच होते, आणि आजच्या तलासरीचा भाग उंबरगावकडे मोडत असे. किनाऱ्याला मांगेला व इतर कोळी, लोहमार्गाच्या कडेला व्यापारपेठा, आणि पूर्वेकडे डोंगरापर्यंत वारली, कोकणा, धोडिया इत्यादी आदिवासींची पाड्यापाड्यांची वस्ती. वारली समाजात पोथी नाही, पुरोहितही नाही. लग्न लावते ती धवलेरी. ती सुवासिनी स्त्री चौकापुढे बसून गाते. तिचे गाणे झाल्याखेरीज लग्न लागत नाही. कणसरीची, धरतरीची कथा भगत घांगळी वाजवून सांगतो. आणि देवाचे म्हणणे काय, हे कळते ते कोणाच्या तरी अंगात वारे आल्यावर. ज्या समाजात शास्त्र लिहिलेलेच नाही, तेथे नव्या वाणीचे दार कधी बंद होत नाही. ते दर हंगामाला उघडत असते.

१९२२ च्या आरंभी या किनाऱ्यावर देवीच्या रोगाची साथ होती. पालघरच्या बाजूच्या मांगेला कोळ्यांच्या वस्तीत, रोगाच्या देवीला शांत करण्यासाठी जे विधी झाले, त्यांत स्त्रियांच्या अंगात देवी येऊ लागली. देवी बळी मागते, हा सर्वांचा अनुभव. या देवीने बळी मागितला नाही. तिने दारू सोडा, मांस-मासळी सोडा, असे सांगितले. मासे धरून पोट भरणाऱ्यांना मासळी सोडण्यास सांगणारी ही देवी! तिची आज्ञा डहाणूकडे आणि आतल्या डोंगराळ मुलुखात पसरली, तेथून उत्तरेस धरमपूर, वांसदा या संस्थानांत गेली, आणि नोव्हेंबर १९२२ मध्ये सुरत जिल्ह्यात पोहोचली. तोपर्यंत तिचे नाव सलाबाई झाले होते व ती पूर्वेच्या डोंगरांतून आली असे लोक सांगू लागले होते. इतिहाससंशोधक डेव्हिड हार्डिमन यांनी सरकारी कागदपत्रे, तत्कालीन वृत्तपत्रे आणि वृद्ध आदिवासींच्या आठवणी यांच्या आधारे या घटनेवर ‘द कमिंग ऑफ द देवी’ हा ग्रंथ लिहिला. तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथाच्या आरंभी सुरत जिल्ह्यातील खानपूर गावाजवळच्या एका मेळ्याचे वर्णन आहे. ९ नोव्हेंबर १९२२ रोजी सहा गावांतील सुमारे दोन हजार माणसे जमली होती. पानांच्या मांडवात देवीची माध्यमे बसली होती. त्यांच्या हातांत लाल वस्त्रे होती. माना डोलू लागल्या, अंगात आले, आणि मग ती वस्त्रे समोर धरून, जणू त्यांवरून वाचीत आहोत अशा रीतीने, त्यांनी देवीच्या आज्ञा सांगितल्या. दारू व ताडी पिऊ नका. मांस व मासळी खाऊ नका. स्वच्छ व साधेपणाने राहा; पुरुषांनी दिवसातून दोनदा, स्त्रियांनी तीनदा स्नान करा. पारशांशी कसलाही संबंध ठेवू नका. नंतर देवी म्हणून सजविलेल्या एका मुलीपुढे लोकांनी नाणी ठेवली आणि सर्व जण एकत्र जेवून घरी गेले.

अक्षरओळख नसलेल्या माणसांनी कापड पोथीसारखे धरावे, ही गोष्ट सहज दुर्लक्ष करण्यासारखी नाही. वाणी अंगात आली एवढे त्यांना पुरेसे वाटले नाही. ती ‘वाचली’ गेली पाहिजे, असेही वाटले. ज्यांच्यापाशी वही होती ते सावकार, ज्यांच्यापाशी कागद होता ते सरकारी अंमलदार. लिहिलेल्या शब्दाचे बळ काय असते, हे ज्यांच्यावर तो शब्द चालविला जातो त्यांच्याइतके कोणास कळणार? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी मोहाची दारू गाळणे गुन्हा ठरविले होते. दारू परवानाधारक दुकानातून विकत घ्यावी लागे आणि ती दुकाने बहुतांशी पारशी मक्तेदारांची होती. दारूचे कर्ज, पोटासाठी खावटीचे कर्ज, लग्नासाठी घेतलेले कर्ज. आणि लग्नाचे कर्ज फिटेपर्यंत राबणारा तो ‘लग्नगडी’. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने सरकारला दिलेल्या अहवालात या वेठीचे वर्णन आहे. दुकाने पारशांची असली तरी सावकारी अनेक समाजांची होती. त्यांत वाणीही होते, हे जैन संस्थेच्या व्यासपीठावरून न लपविता सांगणे उचित होय.

डिसेंबर १९२२ पर्यंत सुरत जिल्ह्यात देवीच्या आज्ञांत गांधीजींच्या नावाने शपथ घेणे, खादी वापरणे, राष्ट्रीय शाळेत मुले पाठविणे यांची भर पडली. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते. कोळी आपल्या जाळ्यात त्यांचे नाव विणतात, विहिरीच्या तळाशी ते सूत कातताना दिसतात, अशा वार्ता लोकांत पसरल्या होत्या. कोळी म्हणजे येथे कीटक, किनाऱ्यावरचे कोळी नव्हेत. समंतभद्रांच्या भाषेत या साऱ्या ‘देवागम-नभोयाना’च्या गोष्टी होत, त्यांनी काही सिद्ध होत नाही.

मग सिद्ध कशाने होते? सलाबाईच्या आज्ञा शास्त्र ठरतात काय? परंपरेच्या मापाने पाहिले तर नाही. बोलणाऱ्या अंगात आलेल्या स्त्रिया होत्या. वीतरागता दूरच, त्या क्षणी त्यांना आपले भानही नव्हते. आणि त्यांच्या मुखातून जी बोलत होती ती देवता मानली तरी ती संसारी जीवच. ‘सर्वांच्या हिताचे’ या लक्षणापाशी तर ही वाणी स्पष्टच अडते. दारूच्या मक्तेदाराशी संबंध तोडणे समजण्यासारखे आहे, कारण त्याच्याशी संबंध म्हणजेच दारू आणि कर्ज. पण आज्ञेत मक्तेदार न म्हणता सबंध समाजाचे नाव घेतलेले आहे. ज्या पारशी समाजाला जवळच्या संजाणाने आश्रय दिला, ज्याचा पवित्र अग्नी संकटकाळी बोर्डीजवळच्या बाहरोटच्या डोंगरातील लेण्यांत जपला गेला असे परंपरा सांगते, त्या समाजातील प्रत्येक माणूस काही दुकानदार नव्हता. वीतरागाच्या वाणीत असे वाक्य येऊ शकत नाही.

परंतु तेवढ्यावर निर्णय देऊन मोकळे होणे म्हणजे एकाक्ष देवता पाहून मंत्रच टाकून देण्यासारखे आहे. उरलेल्या अक्षरांकडे पाहावे. श्रावकाच्या मूलगुणांची गणना आचार्यांनी निरनिराळ्या प्रकारे केली आहे, पण मद्यत्याग आणि मांसत्याग सर्वांच्या गणनेत आहेत. सलाबाईच्या पहिल्या दोन आज्ञा त्याच आहेत. ज्यांच्या कानी आगमाचा एक शब्दही कधी पडला नव्हता, त्यांना हे त्याग एका संध्याकाळी सुचले आणि दोन हजार माणसांनी ते स्वीकारले. पाळलेली कोंबडी-बकरी लोकांनी काढून टाकली. लग्नात ताडीशिवाय पान न हलणाऱ्या समाजाने हे केले, आणि आपल्या जुन्या देवांच्या मागण्यांविरुद्ध जाऊन केले. स्वतः देवीला जे व्रत घेता आले नसते, ते माणसांनी घेतले. महावीरांची पहिली देशना ज्या अभावामुळे निष्फळ गेली असे श्वेतांबर परंपरा सांगते, तो अभाव येथे नव्हता.

‘नंदीसूत्रा’त एक उदार विचार आहे. मिथ्याश्रुत म्हणून गणलेले ग्रंथही सम्यग्दृष्टी माणसाने ग्रहण केले तर त्याच्यासाठी सम्यक्‌श्रुत होतात, आणि मिथ्यादृष्टीच्या हाती सम्यक्‌श्रुतही मिथ्या होते. शास्त्राचे शास्त्रपण येथे बऱ्याच अंशी ऐकणाऱ्याकडे सोपविलेले आहे. हे तत्त्व १९२२ च्या घटनेस लावले तर प्रश्न उलटा फिरतो. अंगात आलेल्या वाणीतून ज्यांनी मद्यमांसाचा त्याग उचलला, त्यांनी तिचे काय केले हे दिसतेच. ज्यांच्या घरी आगम होते, ज्यांच्या पर्युषणात अमारीची घोषणा होत असे, आणि ज्यांच्या वहीत खावटीचे आकडे चढत होते, त्यांनी आगमाचे काय केले? हा प्रश्न कोणा एका कुटुंबास वा पेढीस उद्देशून नाही. त्या काळच्या साऱ्या व्यापारी वर्गाचा तो प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पुढच्या इतिहासाने दिले. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठीविरुद्धचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकिकत आहे. त्या लढ्यात अंगात येणे नव्हते, लाल बावटा होता.

देवीच्या आज्ञा फार दिवस सर्वत्र टिकल्या नाहीत. सुरत जिल्ह्यात तर दोन तट पडले. त्याग पाळणारे ते ‘वर्जेला’. आणि देवाने जे सर्जिले आहे ते खाण्यापिण्यात दोष कसला, असे म्हणून परत वळलेले ते ‘सर्जेला’. चौधरी समाजात त्याग पुष्कळ काळ राहिला, अन्यत्र काही महिन्यांत ओसरला. याचे एक कारण उघड आहे. या वाणीला गणधर मिळाला नाही. ती झेलून, तिच्यातील शुद्ध अक्षरे व अशुद्ध अक्षरे वेगळी करून, ती सांभाळणारा कोणी पुढे आला नाही. पोलिसांनी आपल्या कामापुरते टिपून ठेवले, वृत्तपत्रांनी कुतूहल म्हणून छापले, आणि साठ वर्षांनी एक परदेशी संशोधक गावोगाव फिरून वृद्धांना विचारू लागला, तोपर्यंत बरेचसे विस्मरणात गेले होते. किनाऱ्यावरच्या ज्या स्त्रियांच्या तोंडून ती प्रथम निघाली त्या तर केव्हाच निघून गेल्या होत्या.

धवलेरींची गाणी आणि भगतांच्या कथा मात्र डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर अद्याप ऐकावयास मिळतात, जरी गाणाऱ्या म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात आगमांच्या छापील प्रती काचेच्या कपाटात सुरक्षित असतील. त्याच कपाटात या गाण्यांसाठी एक फळी रिकामी ठेवता येईल. त्यांत काय ग्राह्य, काय अग्राह्य, हे तपासण्यास मापे पुष्कळ आहेत. मात्र लिहून घेणाऱ्याने प्रथम वारली बोली शिकली पाहिजे, आणि गाणे ऐकावयास लग्नाच्या मांडवात रात्रभर बसले पाहिजे.